परदेशातले पहिले चाळीस दिवस आणि घरचा हिशोब

आखातातून एखादा मुलगा सुट्टीवर आला की गावात आधी त्याची बॅग बोलते. अत्तराच्या बाटल्या, खजुराचे डबे, जाड ब्लँकेट, भावासाठी मोबाईल, बहिणीसाठी सोन्याची साखळी. संध्याकाळी नाक्यावर चहा होतो, दुबईच्या इमारतींचे आणि जेद्दाच्या समुद्राचे वर्णन होते, आणि ऐकणाऱ्या पोरांपैकी दोघेजण त्याच रात्री पासपोर्ट काढायचे ठरवतात. मात्र पहिल्या महिन्यात तो कुठे झोपला, पहिला पगार किती दिवसांनी हाती पडला, आणि तोवर जेवणाचे पैसे कोणाकडून उसने घेतले, हे तो सांगत नाही. त्याला कोणी विचारतही नाही.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, तळा, माणगाव या तालुक्यांतल्या आपल्या गावांत हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र असे आहे की, या मौनाची किंमत रुपयांत मोजता येते आणि ती गावाला परवडणारी नाही. व्यापारात नुकसान कुठे झाले हे वर्षअखेरीस वहीवरून कळते. परदेशी गेलेल्या कारागिराचे नुकसान पहिल्या चाळीस दिवसांतच होऊन गेलेले असते. त्याची वही मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून मागून जाणारा मुलगा त्याच ठिकाणी, त्याच कारणाने बुडतो.

सारंग बरोबर असे, एजंट मागे राहतो

किनाऱ्यावरच्या माणसाला परदेश नवा नाही. शिडाच्या गलबतांच्या काळी कोकणच्या बंदरांतून मस्कत, बसरा, झांझिबारकडे ये-जा होती. आगबोटी आल्यावर आपली माणसे खलाशी, आगवाले, भंडारी म्हणून जगभर फिरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंजिरा-हबसाण भागातील कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊ लागले आणि त्यांची वस्ती आजही तिथे आहे. त्यांचे पहिले दिवसही सोपे नव्हते. केप वसाहतीने १९०२ साली कायदा केला की, बंदरावर उतरणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. न जमणाऱ्याला परत पाठवण्याची तरतूद होती. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही परक्या देशातल्या पहिल्या दिवसाचा निकाल कागदावरच लागत असे.

फरक एका गोष्टीत होता. जहाजावर नवा मुलगा जाई तो सारंगाच्या किंवा टिंडेलच्या हाताखाली. तो सारंग बहुधा आपल्याच पट्टीतला असे. मुंबईत डोंगरी-माजगावकडे गाववाल्यांच्या खोल्या असत, तिथे जहाज लागेपर्यंत राहायचे, जुन्यांचे ऐकायचे. सारंग दस्तुरी घेत असे हे खरे आहे, त्याला साधू ठरवण्याचे कारण नाही. परंतु दस्तुरी घेऊन तो बरोबर येत असे. मुलगा आजारी पडला, भांडला, चुकला तर सारंगाला तोंड द्यावे लागे.

१९७३ साली तेलाचे भाव वाढले आणि आखातात बांधकामाची लाट आली. त्याआधीही आखात आपल्याला परके नव्हते. तिथे आपला रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतार व दुबईनेही रुपया सोडला. पण तेलाच्या लाटेबरोबर धंद्याची रीत बदलली. सारंगाची जागा एजंटाने घेतली. एजंटही दस्तुरी घेतो, सारंगापेक्षा कितीतरी जास्त घेतो, आणि विमानतळाच्या दारातून मागे फिरतो. पुढचे चाळीस दिवस मुलगा एकटा असतो.

त्या चाळीस दिवसांत काय होते

विमानतळावर कंपनीचा माणूस येतो, त्याला तिथे मंदूब म्हणतात. तो कधी लगेच भेटतो, कधी पाच तासांनी. खोली म्हणजे बहुधा कॅम्प. एका खोलीत सहा, आठ, कधी त्याहून जास्त पलंग, एकावर एक. शेजारी केरळचा, बिहारचा, नेपाळचा, पेशावरचा माणूस. भाषा मोडकी हिंदी आणि चार अरबी शब्द. जेवण कंपनीचे असेल तर ठीक, नसेल तर मेसला नाव घालायचे. मेसचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. नवख्याच्या खिशात ते नसतात, म्हणून कोपऱ्यावरच्या बकाल्यात उधारीचे खाते सुरू होते.

मग वैद्यकीय तपासणी. मुंबईत एकदा झालेली असते, तिथे पुन्हा होते. रक्त आणि छातीचा एक्स-रे. फुफ्फुसावर जुना डाग दिसला तर परत पाठवतात, आणि केलेला सारा खर्च वाया जातो. त्यानंतर बोटांचे ठसे, अमिरातीत एमिरेट्स आयडी, सौदीत इकामा. हे कार्ड हाती येईपर्यंत बँकेचे खाते, सिमकार्ड, घरी पैसे पाठवणे, सगळेच अडते. पगार महिना संपल्यावर. महिन्याच्या मध्यावर उतरलेल्या माणसाला पहिला पूर्ण पगार मिळायला सहा-सात आठवडे सहज लागतात.

याच दिवसांत कामाचीही परीक्षा असते. आपला सुतार इंच आणि सुतात मोजतो. तिथला फोरमन मिलिमीटरमध्ये बोलतो. दरवाजाची चौकट २१०० बाय ९०० असे तो सांगतो, आणि हातात चांगली कला असलेला आपला माणूस गोंधळून उभा राहतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. एवढे गणित गावात दोन संध्याकाळी शिकवता येते. ते न आल्यामुळे माणसाला सुताराऐवजी हेल्पर ठरवतात, आणि हेल्परचा पगार एकदा लागला की वर्षभर हलत नाही. ड्रायव्हरचेही तसेच. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आणि नोकरीवर आलेल्याला आपले लायसन्स चालत नाही. तिथल्या शाळेत शिकून परीक्षा द्यावी लागते. नापास झाल्यास पुन्हा फी. ड्रायव्हर म्हणून गेलेला मुलगा तोपर्यंत गोदामात खोकी उचलतो.

उन्हाळ्यात गेलेल्याची आणखी परीक्षा. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घेण्यास बंदी आहे. सौदीतही याच तारखांना दुपारी बारा ते तीन बंदी असते. हा नियम नवख्याला ठाऊक नसतो. त्याला वाटते, नाही म्हटले तर नोकरी जाईल.

या सगळ्यात मन खचते. मग एखादा ‘जाणकार’ कानाशी लागतो : कशाला इथे राबतोस, बाहेर ये, रोजंदारीवर दुप्पट मिळतील. खोलीत याला ‘खल्लीवल्ली’ होणे म्हणतात. मालकाकडून पळून बाहेर काम करायचे. पहिले दोन-तीन महिने पैसे मिळतात. पुढे मालक पळाल्याची नोंद करतो, कार्ड रद्द होते, आजारी पडले तर दवाखान्यात जाता येत नाही, घरी कोणी वारले तर येता येत नाही. अमिरातीच्या २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात चाचणीचा काळ जास्तीत जास्त सहा महिने आहे. त्या काळात नोकरी सोडून मायदेशी परतायचे असेल तर चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे सरळ मार्गाने सुटका होऊ शकते. रागाच्या भरात रात्री गाठोडे उचलणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

कर्जाचा हिशोब

आता पैशाचे बोलू, कारण हे पान त्यासाठीच आहे.

समजा, मुलाला व्हिसासाठी आणि तिकिटासाठी १,२०,००० रुपये मोजावे लागले. आईच्या बांगड्या गहाण, थोडे चुलत्याकडून, थोडे दुकानदाराकडून. पगार १,२०० दिरहम. हिशोबाला सोपे जावे म्हणून दिरहमाला वीस रुपये धरू, प्रत्यक्षात भाव त्याहून अधिक असतो. जेवण, फोन, साबण-तेल, एखादे औषध मिळून ५०० दिरहम जातात. उरले ७००, म्हणजे १४,००० रुपये. त्यातले निम्मे घरखर्चाला आणि निम्मे कर्जाला. म्हणजे दरमहा ७,००० रुपये फिटतात. १,२०,००० फिटायला सतरा महिने लागतात. सुरुवातीचे दोन महिने हाती काही नाही. करार चोवीस महिन्यांचा. दोन आणि सतरा, एकोणीस. उरले पाच महिने. दोन वर्षांच्या घामातून कुटुंबाची खरी शिल्लक ती पाच महिन्यांची. त्यातून अत्तर आणि ब्लँकेट यायचे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेता येते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४००, आणि त्याची पावती द्यावी लागते. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकालाच मनाई आहे. ३५,४०० चे कर्ज वरच्याच हिशोबाने पाच महिन्यांत फिटते. सतरा आणि पाच यांमधले बारा महिने कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न प्रत्येक जमातीने आपल्या बैठकीत विचारावा. जो धंदेवाला माल घेताना किलोमागे आठ आण्यांची घासाघीस करतो, तोच मुलाच्या व्हिसाला विनापावती लाख रुपये कसे देतो, हे आम्हांला न उलगडलेले कोडे आहे.

कर्जाचा दुसरा तोटा यापेक्षा वाईट आहे. कर्जबाजारी माणूस नाही म्हणू शकत नाही. इथे १,५०० चे कबूल केले आणि तिथे ९०० च्या कागदावर सही मागितली, तर बिनकर्जाचा माणूस परत फिरेल. कर्जवाला डोळे मिटून सही करील. दुपारच्या उन्हात चढायला सांगितले तर तो चढेल. पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला तर तो गप्प राहील. खरे तर सौदी, अमिराती आणि कतार येथे कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे नियमबाह्य आहे. पण नियम उपयोगी पडतो तो मान वर करून बोलू शकणाऱ्यालाच.

निघण्यापूर्वीचे कागद

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शिक्का असतो. अशा माणसाला १८ ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’कडून मंजुरी घ्यावी लागते. आखातातील सहाही देश त्या यादीत आहेत. ही मंजुरी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी व्यवस्थेतून होते, आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हेही तिथेच तपासता येते. बरेच लोक ही अडगळ समजतात आणि एजंट सांगतो म्हणून व्हिजिट व्हिसावर पाठवतात. व्हिजिट व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. पकडले गेल्यास दंड, अटक आणि परतीचा रस्ता, आणि तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

‘आझाद व्हिसा’ हा शब्दही आपल्या बोलण्यातून हद्दपार व्हायला हवा. सौदीच्या कायद्यात असा व्हिसा कधीच नव्हता. एका कफीलाच्या नावाने जायचे आणि काम दुसरीकडे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. २०१३ साली सौदी सरकारने निताकतच्या धोरणाबरोबर तपासणी कडक केली, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना परतावे लागले. ‘आझाद’ म्हणून पैसे मोजलेल्यांना ते पैसे कोणी परत दिले नाहीत.

विम्याचेही तसेच. प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. २०१७ च्या सुधारित योजनेत हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये ठेवण्यात आला. ईसीआर पासपोर्टवाल्याला तो बंधनकारक आहे, दहावी पास झालेल्यालाही घेता येतो. विमानतळावर एका जेवणाला जेवढे पैसे जातात तेवढ्यात हे काम होते. तरी किती घरांत त्याचा कागद सापडेल?

अमिरातीत २०१६ पासून नोकरीचा देकार कामगाराला समजणाऱ्या भाषेत देण्याचा नियम आहे. अकरा भाषांत तो छापला जातो. त्यांत मराठी नाही, पण हिंदी आणि उर्दू आहे. आपल्याकडे घरोघरी उर्दू वाचणारे आहेत. एजंटाला स्पष्ट सांगावे : उर्दू किंवा हिंदी प्रत दाखवा, मगच सही. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे तिकीट या चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. घरातल्या दोघांनी ऐकाव्यात. त्याची एक प्रत घरच्या ट्रंकेत ठेवावी.

ट्रंकेतल्या प्रतीचे महत्त्व १९९० साली कळले. इराकने कुवेत घेतला, आणि एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे दावे करायची वेळ आली, तेव्हा आपण कुवेतला होतो आणि तिथून निघालो हे कागदाने दाखवावे लागले. दावा छोटा असो वा मोठा, तोंडी हकीकत पुरत नाही.

दुकान टाकायला जाणाऱ्यांसाठी

आपल्यातले काही कारागीर म्हणून जातात, तर काही चार पैसे जमले की तिथे दुकान टाकायचे म्हणतात. शिलाईचे दुकान, हॉटेल, बकाला, एसी दुरुस्ती. त्यांची पहिल्या दिवसांतली चूक वेगळी असते. ओळखीच्या अरबाच्या नावावर लायसन्स काढायचे, पैसा आपला घालायचा आणि तोंडी बोलीवर धंदा चालवायचा. सौदीत याला ‘तसत्तुर’ म्हणतात. २०२० च्या कायद्याने त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड ठेवला आहे. अमिरातीत उलट २०२१ पासून अनेक धंद्यांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेता येते. जिथे कायद्याने दार उघडले आहे तिथे खिडकीतून शिरण्याचे कारण नाही. जिथे दार बंद आहे तिथे वीस वर्षांची कमाई दुसऱ्याच्या नावावर ठेवणे हा व्यापार नाही, जुगार आहे.

नव्या जागी पहिले काही महिने दुकान न टाकता दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे कोणत्या महिन्यात द्यावे लागते, कोणत्या हंगामात गिऱ्हाईक गावी जाते, उधारी कोणाची बुडते, हे गल्ल्याच्या मागे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

घरच्यांनी काय करावे

आपल्या घरांत बाळंतिणीला चाळीस दिवस जपण्याची रीत आहे. तिला जड उचलू देत नाहीत, वाईट बातमी सांगत नाहीत, वेळेवर खाऊ घालतात. परदेशी गेलेल्या मुलालाही हीच रीत लावावी. पण घडते उलटे. पंधरा दिवस झाले नाहीत तोच घरून फोन : ‘पैसे कधी धाडतोस? दुकानदार दारात आलाय.’ मुलगा लाजेने खोलीतल्या कोणाकडून उसने घेतो आणि पाठवतो. कार्ड नसल्यामुळे बँकेतून पाठवता येत नाही, म्हणून हवालावाल्याकडे देतो. म्हणजे परक्या मुलखात तो नव्या कर्जाने आणि बेकायदा व्यवहाराने सुरुवात करतो. हवालाचे पैसे बुडाले तर पावती नाही. पुढे जमीन घेताना पैसा कुठून आला असे विचारले तर दाखवायला बँकेची नोंद नाही.

म्हणून मुलगा निघण्यापूर्वीच घरात तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढावा. तो निघत नसेल तर मुलाने निघू नये. तीन महिन्यांचे घरभाडे आणि रेशन ज्याच्याकडे नाही त्याने दुकान उघडू नये, हे आपण मान्य करतो. परदेशी नोकरी हाही एक धंदाच आहे. त्यात मुलाची जवानी हे भांडवल आहे, आणि ते दुसऱ्यांदा उभे करता येत नाही.

फोनवर घरच्यांनी दोन प्रश्न नेमाने विचारावेत : कार्ड मिळाले का? कराराप्रमाणे पगार मिळाला का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर दोन महिन्यांनी ‘नाही’ असेल, तर वाट पाहत बसू नये. दुबई, रियाध, जेद्दा येथे भारत सरकारची प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत. परराष्ट्र खात्याची ‘मदद’ ही तक्रार व्यवस्था २०१५ पासून आहे, तिथे घरच्यांनाही इथून तक्रार करता येते. तक्रार केली तर मुलाचे नाव खराब होईल, ही भीती एजंटाने पसरवलेली आहे.

जमातीने काय करावे

केंद्र सरकारने २०१८ पासून परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण सुरू केले आणि मुंबईत त्याचे केंद्र उघडले. ते चांगले आहे, प्रत्येकाने जावे. परंतु सरकारी वर्गात जे सांगता येत नाही ते गावातलाच माणूस सांगू शकतो. कोणत्या कंपनीच्या कॅम्पात पाणी येत नाही, कोणता एजंट शब्दाला जागत नाही, कोणत्या शहरात कोणाच्या खोलीवर चार दिवस थांबता येईल. ही माहिती आपल्याच घरांत पडून आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या जमातीने एक वही ठेवावी. सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाने पहिल्या चाळीस दिवसांचा हिशोब त्यात लिहावा. किती पैसे दिले, कोणाला दिले, पावती मिळाली का, पहिला पगार कोणत्या दिवशी आला, कबूल केलेला किती आणि मिळालेला किती. नाव लिहायचे नसेल तर लिहू नये. जाणाऱ्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी निघण्याच्या महिनाभर आधी ती वही वाचावी. मागच्या दहा वर्षांत आलेल्या दोघा-तिघांना एका संध्याकाळी बोलवावे आणि मुलाने त्यांना वाटेल ते विचारावे. सुतार-गवंड्यांनी त्या महिन्यात मिलिमीटरचे मोजमाप आणि नकाशा वाचायला शिकावे. ज्याला आयटीआय करता येणे शक्य आहे त्याने आधी ते पूर्ण करावे. वर्षभर उशिरा गेला तरी चालेल, पण हेल्पर म्हणून जाऊ नये.

यावर आक्षेप घेतला जाईल तो ठाऊक आहे. म्हणतील, हे सगळे उघड सांगितले तर पोरे जाणारच नाहीत, आणि इथे राहून करणार काय? सुपारीच्या वाड्या ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात झोपल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली खरी, पण नवे झाड फळाला यायला वर्षे लागतात. मासेमारीत पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांची चूल, मुलींची लग्ने, शाळांच्या इमारती आखाताच्या पैशावर उभ्या आहेत, आणि ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. जाऊ नका, असे आम्ही म्हणतच नाही.

पण समुद्रावर पाऊल ठेवणाऱ्या मुलाला आपल्या वाडवडिलांनी खडक कुठे आहेत ते सांगितले, म्हणून तो समुद्रावर गेला नाही असे कधी झाले नाही. खडक ठाऊक असल्यामुळेच गलबत परत आले. आखाताची वाट तेवढीच धोक्याची आणि तेवढीच भाकरीची आहे. परतलेल्या माणसाने आपला त्रास सांगितला तर त्याची इज्जत कमी होत नाही. उलट दुसऱ्याच्या मुलाचे बारा महिने वाचतात.

सुट्टीचा हंगाम आला की गावोगावी माणसे येतील. त्यांच्याकडून अत्तर जरूर घ्यावे. त्याबरोबर पहिल्या पगाराची तारीखही विचारावी आणि वहीत लिहून ठेवावी.